स्वादुपिंडाचा कर्करोग: जनुकीय मार्करवरून आयुष्याचा अंदाज कितपत बांधता येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकीय माहितीच्या अमेरिकी प्रकल्पाच्या सार्वजनिक माहितीसंचातून स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे नमुने घेऊन नऊ जनुकांची एक ‘सिग्नेचर’ (जनुकांच्या पातळ्यांवरून धोका सांगणारं सूत्र) बांधली. हाय-रिस्क आणि लो-रिस्क गटांच्या काप्लान-मायर रेषा (किती रुग्ण किती काळ जगले ते दाखवणारे आलेख) स्वच्छ वेगळ्या पडल्या, तीन वर्षांचा एयूसी (अंदाज किती बरोबर याचा आकडा; ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक) ०.८२ आला. ही सिग्नेचर रुग्णांसाठी वापरता येईल का? त्याला जोडून दुसरा प्रश्न: रुग्णाच्या हातात एनजीएसचा (गाठीच्या डीएनए तपासणीचा) रिपोर्ट असतो, त्यात के-रास, टीपी५३ अशा जनुकांतली म्युटेशन्स (बिघाड) लिहिलेली असतात. त्यावरून किती आयुष्य उरलंय हे सांगता येतं का?

पहिल्याचं उत्तर: आहे तशी नाही, आणि दुरुस्त करूनही बहुधा नाही. दुसऱ्याचं: महिन्यांच्या आकड्यात नाही. पण त्याच रिपोर्टमधल्या दोन-चार ओळी उपचार बदलू शकतात, आणि त्या वेळेत वाचल्या गेल्या तर फरक पडतो. दोन्ही गोष्टी सविस्तर लिहितो, कारण या आजारावर जनुकीय सिग्नेचर सतत छापून येतात आणि दवाखान्यापर्यंत जवळजवळ एकही पोचत नाही. फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या आधी माहीत असल्या तर बरंच काम वाचतं.

पुढे सगळीकडे ‘स्वादुपिंडाचा कर्करोग’ म्हणजे डक्टल ॲडिनोकार्सिनोमा (नलिकांसारख्या पेशींचा, सर्वाधिक आढळणारा प्रकार). पहिली चूक नेमकी याच शब्दात लपलेली असते.

नमुने खरंच त्याच आजाराचे आहेत का?

टीसीजीए-पाड या स्वादुपिंडाच्या संचात आरएनए सीक्वेन्सिंगचे (कुठलं जनुक किती सक्रिय आहे ते मोजणाऱ्या चाचणीचे) १८३ नमुने आहेत. त्यात १७८ मूळ गाठीचे, १ मेटास्टॅसिसचा (दुसरीकडे पसरलेल्या गाठीचा) आणि ४ शेजारच्या निरोगी भागाचे. बहुतेक जण निरोगी आणि मेटास्टॅसिसचे नमुने काढतात आणि १७८ वर काम सुरू करतात. पण ते सगळे १७८ डक्टल कर्करोगाचे नाहीत. टीसीजीए गटाने २०१७ साली स्वतःचा अहवाल छापला तेव्हा त्यांनीच १५० नमुने धरले. उरलेल्यांत न्यूरोएंडोक्राइन (हॉर्मोन स्रवणाऱ्या पेशींच्या) गाठी आहेत, वेगळ्या प्रकारचे कर्करोग आहेत, आणि ज्यात कर्करोगाच्या पेशी जवळपास नाहीतच असे तुकडेही आहेत.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. डक्टल कर्करोगात वर्ष-दोन वर्षांचा हिशोब चालतो, न्यूरोएंडोक्राइन गाठीचे रुग्ण मात्र अनेक वर्षं जगतात. असे सात-आठ नमुने संचात राहिले की न्यूरोएंडोक्राइन पेशींत जास्त असणारं कुठलंही जनुक ‘संरक्षक’ ठरतं, हॅझर्ड रेशो (मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर) एकच्या खाली जातो आणि पी-व्हॅल्यू (नुसत्या योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता) अगदी देखणी येते. मॉडेलने इथे डक्टल कर्करोगाचं भवितव्य ओळखलेलं नसतं, दोन वेगळे आजार वेगळे केलेले असतात. तुमच्या नऊ जनुकांत चेतापेशींशी किंवा हॉर्मोन स्रवणाऱ्या पेशींशी संबंधित जनुक असेल आणि त्याचा गुणांक ऋण असेल, तर आधी इथेच संशय घ्या.

तपासणी अर्ध्या दिवसाची आहे. क्रोमोग्रॅनिन-ए (सीएचजीए) आणि सिनॅप्टोफायसिन (एसवायपी) यांचा आलेख काढा, न्यूरोएंडोक्राइन नमुने बाजूला उडालेले दिसतील. मग पीआरएसएस१, सीपीए१ ही पाचक रसाची जनुकं पाहा. ती प्रचंड वर असतील तर तुकड्यात निरोगी स्वादुपिंडच भरपूर आहे. त्यानंतर के-रास म्युटेशनचा ॲलील टक्का (त्या जनुकाच्या वाचलेल्या प्रतींपैकी किती बिघडलेल्या). के-रासची एकच प्रत बिघडलेली असते असं धरलं, तर कर्करोगाच्या पेशींचं प्रमाण साधारण त्या टक्क्याच्या दुप्पट येतं. १० टक्के ॲलील म्हणजे सुमारे २० टक्के पेशी. बिघडलेली प्रत वाढलेली असेल तर हा अंदाज फुगतो, पण चाळणी म्हणून पुरेसा आहे.

या आजारात पेशींच्या प्रमाणाचा मुद्दा इतर कर्करोगांपेक्षा फार महत्त्वाचा आहे. गाठीचा मोठा भाग तंतुमय स्ट्रोमाचा (कर्करोगाच्या पेशींभोवतीच्या आधार-ऊतीचा) असतो. ढोबळ तुकडा दळून काढलेल्या आरएनएत कर्करोगाच्या पेशींचा आवाज अनेकदा सगळ्यात क्षीण असतो. त्यामुळे सिग्नेचरमधली कितीतरी जनुकं तुकड्यात स्ट्रोमा किती, निरोगी ऊती किती आणि गाठ किती, एवढंच मोजत असतात. हे मोजमापही आयुष्याशी थोडंफार जुळतं, म्हणून रेषा वेगळ्या पडतात. पण दुसऱ्या दवाखान्यात तुकडा जरा वेगळ्या जागेवरून घेतला की गुण बदलतो. २०१६ च्या एका प्रसिद्ध वर्गीकरणातला ‘एडेक्स’ हा उपप्रकार आणि त्याआधी २०११ साली सुचवलेला ‘एक्झोक्राइन-लाइक’ उपप्रकार, दोन्हींवर पुढे हाच आक्षेप आला: ते मिसळलेल्या निरोगी पेशींमुळे दिसत असावेत.

०.८२ कुठून आला?

नेहमीची पद्धत अशी असते. वीस हजार जनुकांवर एकेक करून कॉक्स मॉडेल (जनुकाचा आयुष्याशी संबंध मोजणारं) चालवायचं, ०.०५ च्या खालच्या पी-व्हॅल्यूची उचलायची, त्यांवर लासो (मोजकीच जनुकं ठेवणारी पद्धत) लावायचा, उरलेल्या जनुकांची गुणांकांनुसार बेरीज म्हणजे रिस्क स्कोअर, आणि मग रुग्णांचे दोन गट. प्रत्येक पायरीवर गळती आहे.

वीस हजार चाचण्यांत ०.०५ ची रेषा धरली तर केवळ योगायोगाने हजारभर जनुकं पार होतात. पुढचा लासो या हजारांतूनच निवडतो. जनुकांची पहिली चाळणी पूर्ण संचावर करून नंतर संच ७०–३० असा तोडला, तर तुमच्या ‘टेस्ट’ रुग्णांनी जनुकं निवडण्यात आधीच मत दिलेलं असतं. हा दोष पद्धत-विभागात एका वाक्यात दडून जातो, म्हणून वाचताना मी सगळ्यात आधी तो शोधतो. चाळणी, लासो, लॅम्डाची (लासो किती कडक हे ठरवणाऱ्या आकड्याची) निवड आणि कट-ऑफ (दोन गट पाडणारा छेद) हे सगळं क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (संचाचे भाग पाडून आळीपाळीने तपासण्याच्या) प्रत्येक फेरीत आतल्या आत, नव्याने व्हायला हवं.

कट-ऑफचं वेगळं सांगायला हवं. सॉफ्टवेअरला ‘सर्वोत्तम छेद शोध’ म्हटलं की ते प्रत्येक शक्य छेद लावून सगळ्यात छोटी पी-व्हॅल्यू देतं. १९९४ सालीच दाखवून झालंय की असं केल्यावर खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाते. स्कोअर सलग आकडा म्हणूनच मॉडेलमध्ये ठेवा. चित्रासाठी गट पाहिजेतच तर छेद आधी ठरवा, आणि तोच आकडा बाहेरच्या संचाला लावा. बाहेरच्या संचात पुन्हा ‘त्या संचाचा मीडियन’ (मधोमधचा आकडा) घेतला तर पडताळणी झालीच नाही. दवाखान्यात एकटा रुग्ण येतो, त्याचा मीडियन कुठून काढणार?

तीन वर्षांच्या एयूसीचंही तसंच. या संचात मृत्यूंची नोंद शंभराच्या आसपास आहे आणि पाठपुरावा तोकडा आहे. तीन वर्षं ओलांडून नजरेत राहिलेले रुग्ण इतके थोडे आहेत की त्यांतले चार-पाच इकडचे तिकडे झाले तर आकडा हलतो. पाच वर्षांचा एयूसी छापलेला दिसला तर तो सोडूनच द्या. १२ आणि २४ महिन्यांचे आकडे द्या आणि त्यांच्याबरोबर ९५ टक्के विश्वास-मर्यादा द्या. नुसता ठिपका देऊ नका.

आता एक चाचणी, जी नियतकालिकं क्वचित मागतात पण तुम्ही स्वतःहून करावी. वीस हजारांतून कुठलीही नऊ जनुकं चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचला, तेच गणित करा, सी-इंडेक्स (दोघांपैकी आधी कोण जाईल हे किती जोड्यांत बरोबर सांगितलं, ते प्रमाण) नोंदवा. असं हजार वेळा. मग तुमच्या नऊ जनुकांचा सी-इंडेक्स या हजारांत कुठे बसतो ते पाहा. जनुकं निवडून घेतलेली असल्याने खरी तुलना करायची तर रुग्णांची आयुष्यं आपसांत ढवळून अख्खी प्रक्रिया, चाळणीसकट, पुन्हा चालवावी लागते, तीही करा. स्तनाच्या कर्करोगात २०११ साली असं दाखवलं गेलं की यादृच्छिक जनुकसंचांपैकी बहुतेक मोठे संच आयुष्याशी ‘लक्षणीय’ जोडलेले निघतात, कारण पेशी-विभाजनाचा वेग हजारो जनुकांत एकाच वेळी उमटतो. स्वादुपिंडात त्या वेगाच्या जोडीला गाठीतल्या पेशींचं प्रमाणही असतं. तुमचा आकडा यादृच्छिक आकड्यांच्या गर्दीतच पडला, तर त्या नऊ नावांना जैविक अर्थ चिकटवू नका.

लासोबद्दल एवढंच: पाचशे बूटस्ट्रॅप नमुने (त्याच रुग्णांतून पुन्हापुन्हा चिठ्ठ्या टाकून निवडलेले संच) काढून प्रत्येकात लासो चालवा आणि कुठलं जनुक किती वेळा निवडलं गेलं ते मोजा. आपसांत जुळणाऱ्या जनुकांतून लासो एक उचलतो आणि बाकीची टाकतो. दहा रुग्ण बदलले की दुसरंच उचलतो. नऊपैकी सहा जनुकं निम्म्या फेऱ्यांतही येत नसतील तर ती यादी पुढच्या संचात टिकणार नाही. एकाच संचावर काम केलेल्या दोन गटांच्या याद्यांत अनेकदा एकही सामाईक नाव नसतं, त्याचं कारण बव्हंशी हेच.

घड्याळ कधी सुरू होतं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निकाल उलटवतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत शून्य दिवस शस्त्रक्रियेचा. मेटास्टॅटिक रुग्णांत उपचार सुरू झाल्याचा. निदानाचा दिवस धरला आणि नमुना चार महिन्यांनी घेतलेला असला, तर ते चार महिने जगलेलेच रुग्ण संचात आले. त्या अवधीत कुणी मरूच शकत नव्हतं.

‘शस्त्रक्रियेनंतर केमो मिळाली का’ हा रकाना तर हमखास चुकीचा वापरला जातो. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांत गेलेल्या रुग्णाला केमो मिळणं शक्यच नव्हतं. त्याला ‘केमो नाही’ गटात टाकलं की केमोचा फायदा फुगतो, आणि त्याच्याशी जुळणारं जनुकही फुगतं. १२ आठवड्यांचा लँडमार्क ठेवा: तोवर जिवंत असलेल्यांपासून मोजायला सुरुवात करा, किंवा केमो हा वेळेनुसार बदलणारा घटक म्हणून मांडा. शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीने झालेले पहिल्या ९० दिवसांतले मृत्यू वेगळे दाखवा. ते गाठीच्या जनुकांमुळे झालेले नसतात.

कुणापेक्षा चांगलं?

नुसत्या सिग्नेचरचा सी-इंडेक्स ०.६८ आला याला स्वतःचा अर्थ नाही. ०.६८ म्हणजे रुग्णांच्या शंभर तुलना करता येण्याजोग्या जोड्यांपैकी ६८ जोड्यांत आधी कोण जाईल हे बरोबर सांगितलं. नाणेफेकीने ५० सांगता आल्या असत्या. प्रश्न असा की जे फुकटात हाताशी आहे ते किती सांगतं.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासाठी ते असं: गाठीचा आकार (२ सेंमीपर्यंत टी१, २ ते ४ टी२, त्यावर टी३), लिम्फ नोड (१ ते ३ बाधित असतील तर एन१, ४ किंवा जास्त तर एन२), कापलेल्या कडेला कर्करोग उरला का, ग्रेड, वय, आणि शस्त्रक्रियेनंतरचं सीए १९-९ (रक्तात मोजला जाणारा मार्कर). या शेवटच्या आकड्याची दोन पथ्यं आहेत. कावीळ असताना तो खोटा चढतो, म्हणून बिलिरुबिन उतरल्यावर मोजलेला घ्या. आणि साधारण ५ ते १० टक्के लोकांत ल्युइस प्रतिजन (रक्तगटासारखी एक जन्मजात खूण) नसल्याने तो तयारच होत नाही. त्यांच्यातला कमी आकडा शुभ समजायचा नाही.

हे घटक घालून आधी पायाभूत मॉडेल बांधा. सीए १९-९ लॉग करून घाला. मग त्यात जनुकीय स्कोअर एकच स्तंभ म्हणून जोडा आणि लाइकलिहूड रेशो चाचणी (नव्या स्तंभाने मॉडेल खरंच सुधारलं का ते पाहणारी) करा, सी-इंडेक्स किती वाढला ते पाहा. ०.६५ वरून ०.६६ झाला तर त्यासाठी आरएनए चाचणी करण्यात अर्थ नाही. टीसीजीएत सीए १९-९च्या नोंदी अपुऱ्या आहेत, त्यामुळे हा खरा सामना तिथे लढताच येत नाही. ‘मल्टिव्हेरिएटमध्येही स्वतंत्र ठरला’ हे वाक्य वाचलं की आधी पाहा, त्या मॉडेलमध्ये बाकी काय होतं. वय, लिंग आणि स्टेज एवढ्यांतच स्वतंत्र ठरणं सोपं आहे.

बाहेरच्या पडताळणीसाठी तीन सार्वजनिक संच उपयोगी आहेत (पहिली दोन नावं म्हणजे त्यांचे नोंदणी-क्रमांक): जीएसई७१७२९, ई-एमटॅब-६१३४ (मेणाच्या ब्लॉकमधून घेतलेले ३०९ नमुने, म्हणून दवाखान्याच्या जवळचा), आणि आयसीजीसी या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे ऑस्ट्रेलिया व कॅनडाचे संच. इथे एक तांत्रिक अडचण समोर येते. तुमचे गुणांक आरएनए-सीक्वेन्सिंगच्या लॉग२ टीपीएम एककांत आहेत. बाहेरच्या संचांत वापरल्या गेलेल्या मायक्रोॲरे या जुन्या तंत्राची एककं वेगळी. गुणांक तसेच लावले तर स्कोअर निरर्थक येतो. दोन्ही संच एकत्र करून बॅच-दुरुस्ती (यंत्र किंवा प्रयोगशाळेमुळे आलेला फरक पुसणं) केली तर टेस्ट संचाची माहिती प्रशिक्षणात शिरते, आणि एकट्या रुग्णाची बॅच-दुरुस्ती तर करताच येत नाही.

त्यावर चालणारा उपाय जनुकांच्या जोड्यांचा आहे, आणि स्वादुपिंडात तो करून दाखवलेला आहे.

जे टिकलं: क्लासिकल आणि बेसल-लाइक

२०११ पासून वेगवेगळ्या गटांनी आरएनएवरून उपप्रकार पाडले: कुणी तीन, कुणी चार, कुणी पाच. नावं वेगळी, संख्या वेगळी, पण सगळ्यांत एक अक्ष पुन्हापुन्हा सापडला. एका टोकाला ‘क्लासिकल’ गाठ, जिच्यात गाटा-६ जास्त असतं आणि पेशी ग्रंथींची ओळख बऱ्यापैकी राखून असतात. दुसऱ्या टोकाला ‘बेसल-लाइक’, जिच्यात केआरटी५, केआरटी१७, एस१००ए२ अशी स्क्वॅमस पेशींची जनुकं चढतात. या अक्षावर विश्वास ठेवण्याचं कारण हे की २०१५ च्या कामात गणिताने स्ट्रोमा आणि निरोगी ऊतींचा वाटा आधी वेगळा काढला, आणि पुढे कॅनडातल्या कंपास अभ्यासात लेझरने कर्करोगाच्या पेशी कापून घेतल्या तरीही तोच अक्ष दिसला.

२०१५ च्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत बेसल-लाइक गटाचा मीडियन ११ महिने होता, क्लासिकलचा १९. वर्षभराने जिवंत असणारे अनुक्रमे ४४ आणि ७० टक्के. आता हेच आकडे रुग्णाच्या बाजूने वाचा. प्रत्येक बेसल-लाइक रुग्णाला ‘वर्ष निघणार नाही’ असं सांगितलं असतं, तर शंभरातल्या ४४ जणांच्या बाबतीत ते चुकलं असतं. प्रत्येक क्लासिकल रुग्णाला ‘वर्ष नक्की’ म्हटलं असतं, तर ३० जणांच्या बाबतीत. स्वादुपिंडातला सर्वांत दमदार आरएनए मार्कर एका व्यक्तीबद्दल बोलताना इतकाच खात्रीचा आहे. गटाबद्दल मात्र तो ठाम बोलतो, आणि चाचण्यांत रुग्णांची विभागणी करायला त्याचा मोठा उपयोग आहे.

हा अक्ष एकट्या नमुन्यावर ओळखण्यासाठी २०२० साली ‘प्युरिस्ट’ नावाचं वर्गीकरण आलं. त्यात आठ जनुक-जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एक बेसल बाजूचं, एक क्लासिकल बाजूचं: जीपीआर८७ विरुद्ध आरईजी४, केआरटी६ए विरुद्ध एएनएक्सए१०, बीसीएआर३ विरुद्ध गाटा-६, पीटीजीईएस विरुद्ध सीएलडीएन१८, अशा. विचारायचं फक्त एवढंच की या नमुन्यात दोघांपैकी वर कोण? उत्तर हो किंवा नाही, आठ उत्तरांना ठरलेलं वजन, आणि शेवटी बेसल-लाइक असण्याची संभाव्यता. दोन्ही जनुकं त्याच नळीतली असल्याने यंत्र, एककं आणि बॅच यांचा बराचसा प्रश्न आपोआप मिटतो. दुसऱ्या रुग्णांचा मीडियन लागत नाही. सिग्नेचर बांधायचीच असेल तर ती अशा घडणीत बांधा.

आरएनए शक्य नसेल तिथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (स्लाइडवर प्रथिनं रंगवण्याच्या तंत्राने) गाटा-६ आणि केआरटी५ किंवा केआरटी१७ रंगवून कामचलाऊ अंदाज घेता येतो. एकाच गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात, आणि उपचारांनंतर प्रमाण बदलू शकतं. सुईने आलेल्या एका धाग्यावरून पूर्ण गाठीचं नाव ठेवताना हे लक्षात असू द्या. संभाव्यता ०.४५ ते ०.५५ मध्ये असेल तर ‘मिश्र’ लिहा, ओढून-ताणून गट देऊ नका.

नमुना हाताळताना

स्वादुपिंड हा पाचक द्रव्यांचा कारखाना आहे, त्यात आरएनए तोडणारी एन्झाइम्स ठासून भरलेली असतात. म्हणून इतर अवयवांना चालणारी ढिलाई इथे चालत नाही. गोठवायचा नमुना काढल्यावर लगेच, मिनिटांच्या हिशोबात, द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावात जायला हवा. फॉर्मलिनचा असेल तर १० टक्के बफर केलेलं फॉर्मलिन, ६ ते ४८ तास. शुक्रवारी टाकून सोमवारी काढलेला तुकडा आरएनएसाठी हमखास रडवतो.

आरएनए काढण्याआधी त्याच ब्लॉकची एचअँडई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड पॅथॉलॉजिस्टने पाहून गाठीचा भाग पेनाने आखून द्यावा आणि पेशींचं प्रमाण लिहावं. फक्त आखलेला भाग खरवडून घ्यायचा. मेणाच्या ब्लॉकमध्ये आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा गुण) बघण्यात अर्थ नाही, डीव्ही२०० (२०० अक्षरांहून लांब तुकड्यांचा टक्का) पाहा; ३० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या आरएनएवर भरवसा ठेवू नका. शस्त्रक्रियेआधी केमो घेतलेल्यांचे नमुने आणि न घेतलेल्यांचे नमुने एका प्रशिक्षण संचात मिसळू नका. केमोने गाठ विरळ झालेली असते आणि उरलेल्या पेशींची अभिव्यक्तीही बदललेली असते; मॉडेल मग ‘केमो झाली होती का’ हेच शिकतं.

भाकीत करणारा मार्कर आणि औषध निवडणारा मार्कर

हे दोन वेगळे आहेत आणि सगळा गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. पहिला सांगतो की कुठलाही उपचार दिला तरी हा गट बरा की वाईट. दुसरा सांगतो की हे औषध या गटाला जास्त लागू पडेल. दुसरा सिद्ध करायचा तर दोन्ही उपचारांचे रुग्ण हवेत आणि मार्कर व उपचार यांचा परस्परपरिणाम तपासायला हवा.

एचईएनटी१चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. हे प्रथिन जेमसायटाबिन या केमोच्या औषधाला पेशीत आत नेतं. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या एस्पॅक-३ चाचणीच्या नमुन्यांत जेमसायटाबिन घेतलेल्यांपैकी एचईएनटी१ जास्त असणाऱ्यांचा मीडियन २६.२ महिने आला, कमी असणाऱ्यांचा १७.१, फ्लुरोयुरॅसिल घेतलेल्यांत असा फरक दिसला नाही. औषध निवडणारा मार्कर दिसतो तो असाच. पण मेटास्टॅटिक रुग्णांच्या लीप चाचणीत २०१३ साली हा मार्कर काहीच सांगू शकला नाही. आजाराचा टप्पा वेगळा होता, आणि प्रथिन रंगवायला वापरलेली अँटीबॉडीही वेगळी: एकीकडे उंदराची १०डी७जी२, दुसरीकडे सशाची एसपी१२०. दोन्ही एकाच प्रथिनाच्या नावाने विकल्या जातात, पण रंगवलेल्या स्लाइड जुळत नाहीत. मार्करचं नाव लिहिताना अँटीबॉडीचा क्लोन, पातळ करण्याचं प्रमाण आणि गुण देण्याची पद्धत लिहिली नाही, तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आता रुग्णाचा रिपोर्ट

के-रासमध्ये म्युटेशन आहे हे वाचून घाबरू नका आणि त्यातून आयुष्यही काढू नका. दहातल्या नऊंहून अधिक रुग्णांत ते असतं. जे जवळपास सगळ्यांत आहे ते रुग्णांना वेगळं करू शकत नाही. त्याच्या उपप्रकारांत जी१२डी असणाऱ्यांचं भवितव्य थोडं वाईट आणि जी१२आर असणाऱ्यांचं थोडं बरं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. फरक मात्र एका रुग्णाला महिने सांगण्याइतका मोठा नाही. टीपी५३, सीडीकेएन२ए, स्मॅड४ यांचंही तसंच. स्मॅड४ हरवलेलं असेल तर आजार दूरवर पसरण्याकडे कल असतो, असं २००९ च्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात दिसलं; त्यावर एकट्याने रेडिएशनचा निर्णय घेण्याइतकी ती खूण भक्कम नाही.

‘के-रास म्युटेशन आढळलं नाही’ ही ओळ मात्र दोनदा वाचा. तिचे दोन अर्थ निघतात. एक, नमुन्यात गाठच पुरेशी नव्हती. रिपोर्टवरचा पेशींचा टक्का पाहा, टीपी५३ वगैरे दुसरं काहीच सापडलेलं नसेल तर संशय बळावतो. नमुना पुन्हा द्यावा लागतो. दोन, ते खरंच नाही. असं असेल तर आरएनएवर फ्यूजन (दोन जनुकं एकत्र जोडली जाण्याची) तपासणी नक्की करून घ्या. एनआरजी१, एनटीआरके, बीआरएएफ यांतले औषध-योग्य बदल याच थोड्या रुग्णांत एकवटलेले असतात. एनआरजी१ फ्यूजनसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये झेनोकुटुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. एमएसआय-हाय (डीएनए-दुरुस्ती बिघडल्याची खूण) हा बदल शंभरात एखाद्या रुग्णात सापडतो, पण सापडला तर इम्युनोथेरपीचा दरवाजा उघडतो.

सगळ्यात उपयोगी ओळी बीआरसीए१, बीआरसीए२ आणि पीएएलबी२ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांच्या. या रुग्णांत प्लॅटिनम असलेली केमो चांगली लागू पडते, म्हणून पहिला उपचार ठरवतानाच हा निकाल कामाचा असतो. पोलो चाचणीत जन्मजात बीआरसीए म्युटेशन असलेल्या आणि प्लॅटिनमवर आजार थांबलेल्या रुग्णांना ओलापरिब हे औषध दिल्यावर आजार न वाढण्याचा मीडियन काळ ७.४ महिने झाला, प्लासिबोवर ३.८. एकूण आयुष्याचा मीडियन मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, १९.० आणि १९.२ महिने. तीन वर्षांनी जिवंत असणारे ३३.९ आणि १७.८ टक्के, पण हा एकूण फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. एकाच चाचणीतले हे तीन आकडे शेजारी ठेवले की ‘मार्कर आहे म्हणजे जास्त जगेल’ हे विधान किती जपून करायचं ते कळतं.

रक्तातल्या सीटीडीएनएबद्दल (गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएबद्दल) वारंवार विचारलं जातं. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचं के-रास सापडलं तर आजार परतण्याचा धोका स्पष्ट जास्त असतो. न सापडलं तर निर्धास्त होता येत नाही. ही गाठ रक्तात डीएनए कमी सोडते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत जखमेचा डीएनए मिसळून खूण पातळ होते. म्हणून चौथ्या आठवड्याआधी रक्त घेऊ नका. टीपी५३ सापडलं तर ते पांढऱ्या पेशींतून आलेलं नाही ना, हे त्याच रक्ताच्या पांढऱ्या पेशी तपासूनच कळतं.

एक शेवटची अडचण व्यवहारातली. गाठीच्या एनजीएसमध्ये बीआरसीए दिसलं नाही म्हणून जन्मजात म्युटेशन नाही असं धरलं जातं. हे चूक आहे. काही मोठे डिलीशन गाठीच्या पॅनेलमधून निसटतात. या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची जन्मजात जनुकीय चाचणी रक्त किंवा लाळेतून वेगळी करावी, घरात कुणाला कर्करोग नसला तरीही. नमुना निदानाच्याच आठवड्यात पाठवा आणि निकालासाठी केमो थांबवू नका. फोल्फिरिनॉक्स (चार औषधांची केमो) झेपण्यासारखी असेल तर प्लॅटिनम त्यात आहेच. जेमसायटाबिनवर सुरुवात केली असेल आणि निकाल बीआरसीए किंवा पीएएलबी२ पॉझिटिव्ह आला, तर सिसप्लॅटिन जोडण्याबद्दल ऑन्कॉलॉजिस्टशी त्याच भेटीत बोला, आणि सख्ख्या भावंडांची व मुलांची तपासणी कधी करायची तेही तेव्हाच ठरवून घ्या.